डावीकडे अकरा

मकरपुऱ्यात, जीआयडीसीच्या तिसऱ्या गल्लीत
गाडी रॅम्पवर चढली की तिचं पोट दिसतं.
पुष्कराज शिर्के, तुझी गाडी मी पोटावरून ओळखते.
खालची ढाल खरवडलेली,
तिच्यावर दांडिया बाजारातल्या गतिरोधकाची सही.

तू यादी आणलीस.
चाळीस मिली खाली बसव.
स्प्रिंगा दुप्पट कडक.
मागची सीट काढ, वजन जाईल.
आणि पूर्ण केज, सहा ठिकाणी वेल्ड,
दिसायलाही भारी दिसते, म्हणालास.

मी सीट काढली.
खाली जे निघालं ते ताटलीत ठेवलं, बोल्टांशेजारी:
अर्धा खाखरा, जांभळा खडू,
केसांची एक क्लिप, बदकाची.
त्यांचं वजन केलं नाही.

ऐक. अण्णा असते तर शिवी घालून सांगितलं असतं,
मी पाना खाली ठेवून सांगते.
गाडी इतकी खाली आली की स्प्रिंगला दबायला उरतं किती?
दोन बोटं.
वळणाच्या ऐन मध्यावर ती दोन बोटं संपतात,
रबराचा ठोकळा लागतो, ठक्,
आणि इतका वेळ रस्त्याशी बोलणारा टायर
एकदम गप्प होतो.
कडक म्हणजे पकड नव्हे रे.
गुळगुळीत धावपट्टीवर शोभतं ते.
फतेगंजच्या खड्ड्यांवर तेच चाक हवेत राहतं,
आणि हवेला ब्रेक लागत नाही.

आणि केज.
हेल्मेट घालून बसलास तर ती तुझी.
सोमवारी सकाळी, उघड्या डोक्यानं, शाळेच्या वाटेवर
ती कोणाची?
मी पाइपावर बोटाचं पेर वाजवून दाखवलं.
तुझा हात कपाळाकडे गेला, तुला कळलंही नसेल.

स्टिअरिंग बदललंस तर एअरबॅग गेली.
चार पट्टे बांधलेस आणि डोक्यामागे दांडी नाही,
तर छत खाली येताना मान बाजूला घ्यायची सोय नाही.
ट्रॅकचे पॅड तापले की चावतात,
सकाळच्या पहिल्या सिग्नलला मात्र झोपेत असतात.
खरं तर हे असं ओळीनं सांगितलंच नाही मी.
मध्ये चहा आला,
एका टेम्पोवाल्यानं हवा भरून घेतली,
तू दोनदा फोन उचललास.

शेवटी म्हणालास, चालेल.
बडोद्याचं चालेल मला ठाऊक आहे,
त्याचा अर्थ, अजून ठरलेलं नाही.
मग मीच ठरवलं. पंधरा मिली, त्याहून एक कमी-जास्त नाही.
पट्टे कंपनीचेच. सीट परत जागेवर.
केजचे पैसे वाचले, त्यात चांगलं हेल्मेट घे.
शॉक मात्र बटणाचे दिले:
घरी चार टिक, धावपट्टीवर बारा.

रविवारी हालोलच्या पलीकडच्या जुन्या धावपट्टीवर
तू दोन सेकंदांनी मागे पडलास.
फोनवर तुझा आवाज असा,
जणू ते दोन सेकंद माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.
उजव्या वळणाला गाडी विचित्र वागते, म्हणालास.

शुक्रवारी आलास तो रेवाला घेऊन.
विश्वामित्रीच्या पुलावर तिला उलटी झाली होती,
पाच दिवस गाडी बारावरच, बटण मागे फिरवायचं राहिलं.
मी बॉनेट उघडलं, तिला ऑइलच्या डब्यावर उभं केलं.
आधी पूर्ण सैल करायचं, म्हटलं, मोजत मोजत.
ती मोजू लागली, शाळेतल्या गुजरातीत:
एक, बे, त्रण...
उजवीकडे बार.
डावीकडे अगियार, आणि बटण फिरेना.
"पप्पा, इथे एक कमी आहे."

तू माझ्याकडे बघितलंस.
मी हात पुसत राहिले, कापड आधीच काळं होतं.

मग शून्यावरून चार-चार.
मी बॉनेट लावायला गेले
तर तू म्हणालास, थांब,
तिला पुन्हा मोजू दे.