अधिक-उणे

कारूच्या पठारावर जुलैत
नळातलं पाणी रात्रीचं दगड होतं.
घुमटात शेगडी लावायची नाही, हा नियम;
गरम हवेत तारे थरथरतात.
म्हणून मी, काट्रीना बोस्टांडर, रात्रपाळीची मदतनीस,
दोन स्वेटरांवर पांचा मेंढपाळी कोट चढवून
तारकागुच्छांची अंतरं काढायला बसते.
कोटाला अजून लोकरीच्या तेलाचा वास आहे.

हिशोब तसा सोपा.
रंगावरून कळतं तारा मुळात किती तेजस्वी,
काचेवर दिसतं किती पोचला.
मधे जे गळलं ते अंतर.

पण गळलेलं सगळंच अंतर नसतं.
मधे धूळ असते.
ती उजेड खाते, निळा आधी,
तांबडा पानात टाकते.

हे मला दुर्बिणीनं नाही शिकवलं.
मर्वेव्हिलच्या कच्च्या रस्त्यावर
लोकरीचा ट्रक यायचा, पुढं वावटळ,
आणि पा म्हणायचे,
"मिणमिणतोय म्हणून लांब समजू नकोस.
लाल आहे बघ. जवळ आलाय. पळ, फाटक उघड."

तेजोमेघाचं मात्र अवघड.
मरत्या ताऱ्यानं टाकलेली कात ती;
कुणाची केवढी, काही नेम नाही.
तिथं दोन फोटो लागतात, मधे वर्षं.
पहिली काच लिओनार्ड फिस्सरची, एकोणतीस वर्षांपूर्वीची,
कडेला पेन्सिलीनं: वारा. कुत्रं गप्प बसत नाही.
दुसरी काच माझी.
दोन्हींमधे कडं वाढलंय
सव्वाशे पावलांवर धरलेल्या केसाएवढं.
पसरण्याचा वेग वर्णपटात सापडतो.
भागाकार केला की अंतर:
चार हजार प्रकाशवर्षं,
अधिक-उणे नऊशे.

"नऊशे?" पा म्हणाले.
"नऊशे मेंढ्या मी इकडेतिकडे केल्या असत्या
तर मालकानं मलाच कातरलं असतं."

फिस्सर कोण, मला माहीत नाही.
त्याचं कुत्रंही कधीच गेलं असेल.
पण त्याच्या त्या एका थंड रात्रीशिवाय
माझ्या रात्रीची किंमत शून्य.

गेल्या हिवाळ्यात पांच्या डोळ्यांत पडदा आला.
अंगणात बसून ते म्हणाले,
"खांबावरचा दिवा लांब नेलास का?"
मी विचारलं, "रंग कसा दिसतो?"
"गंजलेला."
"मग जवळच आहे."

त्यांचा विश्वास बसला नाही.
उठले, काठी घेतली,
कुंपणाचे खांब मोजायचे तसे मोठ्यानं मोजत निघाले.
माझ्या लहानपणापासून तो खांब
उंबऱ्यापासून अकरा पावलांवर आहे.
अकरा झाली. बारा झाली.
चौदाव्याला हात लागला.

बराच वेळ ते खांबाला धरून उभे राहिले,
एकदा दिव्याकडे, एकदा आपल्या पायांकडे बघत.

"आहे तिथंच आहे," म्हणाले.
"पण वहीत लिहून ठेव.
अधिक तीन."