खिशातला कांदा

मे महिन्यात, पन्हाळा रोडच्या मौजनगरीत
पहिल्याच दारात आमचा कांदा पकडला गेला.
आकाराममामाच्या सदऱ्याच्या खिशातून
गार्डानं तो वर काढला, उन्हात धरला
आणि पाटीकडं बोट केलं :
बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई आहे.

"खायाचा न्हवं ह्यो. ऊन लागू नये म्हणून हाय."
तीस वर्षं शिरोलीत भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस
एका कांद्यासाठी भांडत होता
आणि मागं रांग खोळंबली होती.
गार्ड म्हणाला (छातीवर पट्टी होती, नदाफ),
"मामा, औषध असंल तर चिठ्ठी दाखवा डॉक्टरची."
कांदा टेबलावर गेला,
गुटख्याच्या पुड्या, काडेपेटी
आणि कुणाच्या तरी धपाट्यांच्या डब्याशेजारी.

बाहेर ऊन डोक्यावर असतं,
इथं ते पायाखाली होतं.
पांढऱ्या फरशीवर माणसं लाह्यांसारखी उडत चाललेली.
भाड्याचे नायलॉनचे कपडे, शंभर रुपये अनामत,
गुडघ्यात अजून दुसऱ्याच कुणाचा तरी फुगवटा.
ताक चाळीस रुपयाला एक ग्लास.
मामानं ते बघितलं फक्त.

लाटांच्या तलावात लाटा अर्ध्या तासानं येत,
आधी भोंगा वाजे.
पहिला भोंगा झाला तसा मामा ताडकन उठला,
दोन पावलं चाललासुद्धा,
मग हसला एकटाच आणि परत सावलीत बसला.
मी पंचा भिजवून त्याच्या डोक्यावर टाकला.
"भट्टीची धग समोरनं येती," तो म्हणाला,
"तिला पाठ दाखवता येती.
ह्याला कुठनं दाखवायची?"

तीनच्या सुमाराला
शिरोलीकडूनच आभाळ काळं होत आलं.
वारं सुटलं. प्लास्टिकच्या खुर्च्या आपणहून चालायला लागल्या.
कर्ण्यातून आवाज आला :
विजांमुळे सर्व खेळ बंद करण्यात येत आहेत,
तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत.
उंच घसरगुंडीच्या टोकावरून एक पोरगा
ट्यूब डोक्यावर घेऊन जिना उतरत आला,
रडकुंडीला आलेला.
आणि मग गारा.
भिजायचे सातशे रुपये मोजलेली सगळी माणसं
भिजू नये म्हणून चपलांच्या शेडकडं पळाली.

पत्र्यावर एवढा आवाज की बोलणं ऐकू येईना.
गडहिंग्लजचं नवं जोडपं, निपाणीची चार पोरं,
शिट्टी गळ्यात घातलेला जीवरक्षक,
मिसरूड न फुटलेला, थंडीनं दात वाजवणारा.
सकाळपासून उन्हाला शिव्या देणारे आम्ही
आता एकमेकांच्या अंगाची ऊब शोधत सरकत होतो.
शर्वीचे ओठ निळे पडले.

मग मी कपड्यांच्या पिशवीत तळाशी हात घातला.
तिथं भडंग होतं, दोन पुड्या.
दारात मी ते बोलले नव्हते.

तेवढ्यात नदाफ आत शिरला,
टोपीतून पाणी निथळत.
सगळ्यांचे घास तोंडाशी थांबले.
त्यानं भडंगाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
पँटच्या खिशातून मामाचा कांदा काढला.
"ह्याच्याबिगर कसं जातंय घशाखाली?"

मामानं बाकावर एक बुक्की मारली.
कांदा फुटला, सगळ्यांना एक-एक पाकळी आली.
नदाफनं सगळ्यात शेवटी घेतली,
पाठमोरा उभा राहून, दाराकडं नजर ठेवत.

चाळीस मिनिटांत सगळं ओसरलं.
लगेच ऊन, फरशीतून वाफ.
आकाशपाळणा मात्र बंदच राहिला.
त्याच्या भल्यामोठ्या पायाशी जाऊन मामानं
लोखंडावर तळहात टेकला
आणि शर्वीलाही टेकायला लावला.
"ओतीव हाय," म्हणाला. "बघ, किती गार."

ती म्हणाली, "मग फिरत का नाही?"

खिडकीवर अनामत मागायला गेलो.
कपडे ओले आहेत म्हणून
वीस रुपये कापून घेतले.