अभिप्राय : पंचफुला खेरडे, संत्र्याची रोपवाटिका, वरूड तालुका

लिव माय, जसं सांगतो तसंच लिव.
मागं एक पोट्टा आला होता,
मी बोललो एक, त्यानं लिवलं दुसरं –
'वापरण्यास अत्यंत सुलभ.'
असा शब्द मी उभ्या जन्मात बोललो नाई.

पहिले त थे हिरवं बटन. लय बारीक.
जंभेरीचे काटे टोचून टोचून
माह्या आंगठ्याच्या रेघा गेल्या सगळ्या,
रेशनच्या दुकानातली मशीन मले ओळखत नाई,
तुहा फोन काहून ओळखन?
दाबतो 'जतन', लागते 'रद्द'.
तीन डाव माहं ध्येय असंच गेलं.

आन् थो शब्दबी बदलून टाक. ध्येय.
शाळेच्या भितीवर राह्यते थो, निळ्या पेंटात.
आमच्यात इचारतात, काय हाय वं तुह्या मनात?
तसं इचारलं असतं त काही सांगतलं असतं.
फोन म्हने, 'आपले ध्येय प्रविष्ट करा.'
मी घाबरून टाकलं : रोज तीनशे डोये.
थे त मी तसेबी बांधतो.

मंग रोज संध्याकाळी टिंग.
'आज किती प्रगती झाली?'
आता तूच सांग.
जंभेरीच्या खोडाले चीर देल्ली,
संत्र्याचा डोया आत बसवला,
वरून पट्टी आवळली.
वीस दिवस थे सोडाची नाई.
आत काय चाललं थे मले नाई मालूम,
नर्सरीच्या मालकाले नाई,
जंभेरीलेबी असन का नाई, देव जाने.
मी खरं तेच टाकलं – शून्य.
दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य.
फोननं रडकं तोंड दाखवलं,
खाली लाल अक्षरात, 'तुम्ही मागे पडत आहात.'
कोनाच्या मागं वं?
एकविसाव्या दिवशी पट्ट्या सोडल्या.
तीनशेतले दोनशे अडुसष्ट डोये हिरवे.
हे टाकाले गेलो त मुदत संपली होती.
तिथं एक खाना पाह्यजे, लिव :
'पट्टी बांधली हाय. हात लावू नका.'

चांगलंबी सांगतो, नाई त म्हनशीन बाई खोडीच काढते.
चार वाजताची घंटी. 'पाणी प्या.'
थे वाजली का आम्ही साऱ्याजनी उठतो,
रांजनापाशी जातो, दोन घोट पितो,
चार गोष्टी करतो.
मालक पाह्यते, पन बोलत नाई.
त्याले वाटते हे कंपनीचा हुकूम हाय.
थे घंटी काढू नको.
जमलं त अकरा वाजताचीबी एक टाक.

आन् हे, हे लिवाचं का नाई थे तू पाह्य.
दुसरं एक ध्येय टाकलं होतं मी. रातच्याले.
एकोनीस वर्सं झाली डोये बांधतो.
काटोलले गेले, पांढुर्ण्याले गेले, टेम्पो भरभरून,
फळ लागलेलं माहं झाड मी एकबी नाई पाह्यलं.
एक पाहाचं हाय. बस.
फोननं इचारलं, कोनता प्रकार?
आरोग्य, पैसा, शिक्षण, कुटुंब, प्रवास.
लय येळ बोट तसंच धरून बसलो.
मंग प्रवास दाबलं.
त त्यानं इमान दाखवलं. समिंदर दाखवला.
काटोलची यष्टी दाखवता आली असती ना?

तारे? पाच पैकी?
तीन रंगव. बाकीचे राहू दे कोरे,
पुढच्या मयन्यात ये.

तू कुठली? नरखेडची?
बापाची बाग हाय म्हनतं? किती वर्साची?
मंग घरी गेली का एक कर.
झाडाच्या बुडापाशी बस, वीतभर वर चाचपून पाह्य.
कलमाची गाठ लागन हाताले.
साऱ्यायची चीर सरळ राह्यते.
मी डावरी हाव.
माही जराशी डावीकडे कलते.