चोपन्न, एका बाजूचे

असळजच्या पुढे, डाव्या हाताला, कच्च्या वाटेनं खाली
ते घर आहे. जांभ्याचं.
तीन खण, मंगलोरी कौलं, मागं फणस,
आणि न्हाणीघराच्या खिडकीतून डोंगर.
अंघोळ करताना डोंगर दिसावा
एवढीच माझी हाव, लहानपणापासूनची,
शाहूपुरी चौथ्या गल्लीतली,
जिथं आमच्या न्हाणीघराला खिडकीच नव्हती.

श्रेणिकनं गाडीचा आकडा शून्य केला.
शिरोलीत माझ्या फौंड्रीच्या गेटापर्यंत
चोपन्न भरले. एका बाजूचे.
मी मनात दुप्पट केले, सव्वीस दिवसांनी गुणले:
अठ्ठावीसशे आठ.
दर महिन्याला काश्मीर गाठण्याइतकं,
आणि वाटेत बघायचं काय, तर फुलेवाडीचा नाका.

रविवारचा रस्ता खोटा असतो.
म्हणून सोमवारी रात्री तिथंच सतरंजीवर झोपलो,
आणि मंगळवारी सहाला मी एकटी निघाले.
साळवणला धुकं.
मांडुकलीला झाडांच्या बुंध्यांवर
गेल्या पुराची चिखलरेघ, माझ्या खांद्याएवढी.
कळ्यापासून उसाच्या ट्रॉल्या, दोन-दोन जोडलेल्या,
मागं लाल दिवा नाही, स्पीकर मात्र फुल्ल.
बालिंग्याच्या पुलावर अकरा मिनिटं.
सात पन्नासला पंचिंग.

परतताना कळ्याच्या अलीकडेच दिवस कलला.
आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात.
एका गुऱ्हाळासमोर गाडी उभी केली,
मांडीवर डबा उघडून भाकरी-आमटी खाल्ली
सूर्याकडं बघत, घाईघाईनं,
कुणी डबा हिसकावून नेणार असल्यासारखी.
पोचले तेव्हा डोंगर नव्हता.
म्हणजे असणारच. काळ्यात काळा.
न्हाणीघराच्या खिडकीत
बल्बच्या उजेडातली मीच दिसले.

श्रेणिक आदल्या रात्री तिथं साडेआठ तास झोपला होता,
गोळीशिवाय.
तो घरून काम करतो. त्याला चोपन्न लागू नाहीत.
हे मी बोलले नाही.
वजनात धरलं.

घर विकणारे रंगराव पोवार, एसटीत तीस वर्षं,
पणजी, हुबळी, रातराणी.
मी विचारलं, घर कसं आहे, खरं सांगा.
"चांगलंच हाय. पर मला नगा इचारू.
मी नुसतं बांदलं. ऱ्हायली ती.
मी आपला सुट्टीला याचा, पावण्यागत.
फणसाला पयला फणस धरला
त्ये बी तिनं कार्ड लिवून डेपोत कळवलं."
भिंतीवरच्या बटणांकडं बघत राहिले थोडा वेळ.
"आता ती न्हाई. आन् अंधारात
मोरीचा दिवा कंच्या बटणाचा, त्ये मला गावत न्हाई."

तरी.
तरी त्या रात्री कौलांवर काहीतरी चाललं होतं,
उदमांजर असेल, नाहीतर नुसती पानं,
आणि मी जागी राहून ऐकत होते
हावरटासारखी,
उद्या लवकर उठायचंय हे माहीत असून.
तो एक तास कुठल्या पारड्यात टाकू?
शाहूपुरीत रात्रभर मला बोअरची मोटर ऐकू येते
आणि सकाळी वीस मिनिटांत मी कामावर असते.

निघताना पायरीशी पडलेला जांभ्याचा तुकडा
पर्समध्ये टाकला होता.
आज लॅबमध्ये, दुपारच्या हीटच्या आधी,
काट्यावर ठेवला. दोनशे बारा ग्रॅम.
उचलला, तर खाली लाल धूळ राहिली.
पुसली. तरी आकडा शून्यावर येईना.

मुबारकनं रजिस्टर उघडलं.
"कसलं सॅम्पल, मॅडम?"
"घराचं."
तो हसला नाही.
पेनाचं टोपण काढून म्हणाला,
"मग हीट नंबर काय टाकू?"