बघतो

हॅलिफॅक्सच्या जुन्या गिरणीत आता ऑफिसं.
धुराडं तेवढं ठेवलंय, वारसा म्हणून.
भिंतीवर नीतिमूल्यांची सहा कलमं, काचेआड;
टेबलावर टॉवेल: नगामागे चार पेन्स कमी करा.

स्क्रीनवर सोलापूरचे येमूलशेठ
चष्मा काढतात, पुसतात, परत घालतात.
मागे कुठेतरी माग खडखडतात.
"बघतो," म्हणतात.

ग्रॅहम माझ्याकडे बघतो.
मी दुभाषी. बोललं तेच पोचवायचं, असा करार.
पण स्थळ नाकारतानासुद्धा "कळवतो" म्हणणारी
आमची माणसं.
मी सांगून टाकते: नाही म्हणताहेत.

हीटर एकटा बोलत राहतो.
मग ग्रॅहम कपाची कड पुसतो, हसतो,
"इंटरेस्टिंग."

आता याचं मराठी काय करू?
येमूलशेठ वाट बघताहेत.