नलिनी टेलर

माझ्या फोनमध्ये त्याचं नाव नलिनी टेलर.
खरं नाव अश्वघोष.
आमच्या घरात हे नाव उच्चारलं
की आडनाव विचारायची गरज उरत नाही.

म्हणून नलिनी टेलर
रात्री साडेअकराला विचारते, जेवलीस का.
डीपीला शिवणयंत्र, पायानं चालवायचं, जुनं,
त्यानंच कुठून तरी शोधलेलं.

इन्स्टावर माझी दोन खाती.
एकात बदलापूरची मामी, दोन चुलत्या, शाळेतल्या बाई,
गणपतीची आरास, पदवीचा झगा.
दुसऱ्यात फक्त एकोणीस जण, आणि तिथंही
तो कधी पुरता दिसत नाही.
भांडुप पंपिंगला फ्लेमिंगो बघायला गेलो
तेव्हा फोटोच्या कडेला त्याचं कोपर आलं.
ठेवलं तसंच.
कोपरावरून कोण काय ओळखणार.

एकोणिसांतल्या कुणी तरी ते कोपर
मामीपर्यंत पोचवलं.
तेव्हापासून तिचा रोज एक बायोडाटा:
निर्व्यसनी, कन्या रास, डोंबिवलीत स्वतःचा वन बीएचके.

आई काहीच बोलली नाही.
आई साड्यांना फॉल-बीडिंग करते.
कन्नमवारनगरातला एकूण एक टेलर तिला ठाऊक,
कोण काजं वेळेवर देतो, कोण कापड मारतो.
हे मला आधी सुचायला हवं होतं.

मंगळवारी मी न्हाणीघरात, फोन ओट्यावर.
वाजला. तिनं उचलला.
(हे त्यानं नंतर टाइप करून सांगितलं,
तीनदा खोडून.)
आधी दोघंही गप्प.
मग तो खाकरला, म्हणाला,
"हो काकू, परवापर्यंत होईल."
"काय होईल?"
"ब्लाऊज."

मी बाहेर आले तर ती
हिरव्या साडीची कड उलटून बसलेली, दातांत दोरा.
माझ्या केसांतून पाणी गळत होतं, फरशीवर.
बाबा टीव्हीसमोर.

तिनं दोरा तोडला. वर न बघता, हळू,
"तुझ्या त्या नलिनीला सांग,
घाईनं बेतू नकोस म्हणावं.
आणि शिवणीत माया ठेव, चांगली बोटभर.
पुढं घट्ट होतं सगळं.
सोडायला आत काही तरी लागतं."

मग सुई केसांत खोचून,
बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात,
"आणि शिलाई किती घेते गं ती?"