अजून एक नाणं

क्लीथॉर्प्सला समुद्र आहे, पण बहुतेक वेळा
तो घरी नसतो.
ओहोटी लागली की नुसता चिखल, दूरवर,
आणि चिखलाकडे तोंड करून आर्केडची रांग,
भर दुपारी दिवे लावून बसलेली.

शनिवारी मी पाच पौंडांची नोट घेऊन जायचे.
काचेमागच्या डोरीनबाई दहा पेन्सची पन्नास नाणी
प्लास्टिकच्या पेल्यात ओतायच्या, न मोजता,
नुसता पेला हातात झेलून.
कधी एक्कावन्न निघायची. कधीच एकोणपन्नास नाही.

नाचायचं मशीन सगळ्यात मागे, बाथरूमच्या दाराशी.
पायाखाली चार बाण. पडद्यावर बाण वर सरकायचे
आणि त्या त्या बाणावर पाय आपटायचा,
डावा, डावा, पुढे, दोन्ही, मागे,
मी आणि केली-ॲन, कोट रेलिंगवर टाकून,
शाळेत खेळाच्या तासाला पोटदुखीची चिठ्ठी आणणाऱ्या
आम्ही दोघी,
कपाळाला केस चिकटेपर्यंत.

ड्यूटी संपवून बाबा न्यायला यायचे.
साताऱ्यात मल्लखांबावर अंग घासून वाढलेला माणूस.
दारातच थांबायचे,
त्या चांदण्यांच्या गालिच्यावर पाय न ठेवता,
जणू आत कुणाकडे सुतक आहे.
माझी ओली मान बघून म्हणायचे,
"घाम तापातही येतो."
"मग दम का लागलाय मला?"
"दम चोरालाही लागतो."
गाडी ग्रिम्सबीच्या वळणाला लागेपर्यंत
मला उत्तर सुचायचं नाही.
घरी पोचल्यावर सुचायचं,
तोवर ते आंघोळीला गेलेले असायचे.

एका नोव्हेंबरात मी पहिली आले.
मशीनने नाव विचारलं, तीनच अक्षरांत.
मृणालिनी त्यात कशी मावणार?
एम, आर, यू, इतकंच लिहिलं
आणि आठवडाभर कुणाला सांगितलं नाही.
पुढच्या शनिवारी यादी कोरी.
डोरीनबाई म्हणाल्या,
"रात्री प्लग काढतो ना, लव्ह.
सकाळी त्याला कुणीच आठवत नाही."

त्या जागी आता जिम आहे.
महिना तीस पौंड. माणसं पट्ट्यावर धावतात,
समोर पडदा, पडद्यावर कुठलासा डोंगर,
आणि हा व्यायाम आहे का
असं त्यांना कुणी विचारत नाही.
गालिचा तेवढा कोपऱ्यात राहिलाय,
शूज ठेवायच्या फळीखाली, दोन चांदण्यांपुरता.
मी गेल्या वर्षी पैसे भरले. चार वेळा गेले.
सर्जरीतल्या नर्सने विचारलं, आठवड्याला किती मिनिटं?
मी म्हणाले, अंदाजे.
तिने अंदाजे असं लिहून घेतलं की काय, देव जाणे.

आणि परवा, बाबांच्याच जुन्या हॉस्पिटलात,
टुंडे नावाच्या फिजिओने त्यांची खुर्ची
एका पडद्यासमोर नेली.
वरून सफरचंदं पडतात.
डावा हात हलला तर टोपली हलते.
डावा हात फेब्रुवारीपासून हललेला नाही फारसा.

बाबांनी आधी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे,
मीच हे कारस्थान रचल्यासारखं.
"हे काय?"
"व्यायाम."
"कुणाचा?"
तोंडाच्या एका बाजूनेच, पण जुन्याच सुरात.

पहिल्यांदा एक. मग शून्य. मग तीन.
वरच्या ओठावर घाम जमला, बारीक,
आणि माझ्या जिभेवर ते वाक्य आलं,
तापाचं,
पंचवीस वर्षं सांभाळून ठेवलेलं.
मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

सात सफरचंदं. खेळ संपला.
टुंडेने टाळी वाजवली. बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही.
मान न वळवता मला म्हणाले,
"नाणं टाक. अजून एक."

पर्स उघडली. कार्ड, कार्ड, पार्किंगची पावती,
कफाची गोळी.
लागत नाही, बाबा, असं सांगणं सोपं होतं.
पण मी तळापर्यंत शोधत राहिले,
आणि टुंडेने हळूच बटण दाबलं.